मोटर शाबूत, बोर्ड गेलेला

मे महिन्यातली संध्याकाळ. कोल्हापुरावर वळवाचे ढग उतरतात, हवा कोंडते, कुठंतरी रंकाळ्याच्या पलीकडं वीज कडाडते आणि लाईट जाते. थोड्या वेळानं येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. तिसऱ्यांदा आल्यावर घरातले दिवे लागतात, फ्रीज घुमायला लागतो, छताचा पंखा मात्र ढिम्म. रिमोटचे सेल बदलून होतात. भिंतीवरचं बटण चारदा खाली-वर होतं. कुणीतरी स्टुलावर चढून पात्याला बोट लावतं, तर पाती अलगद फिरतात, बेरिंगचा आवाज नाही, जळका वास नाही. शेवटी वायरमन येतो, वरची वाटी उतरवतो, आत मीटर लावतो आणि दोन शब्दांत निकाल देतो : बोर्ड गेलाय.

जुन्या पंख्याच्या बाबतीत हे उलट होतं. त्याचं दुखणं ठरलेलं असे. पंखा मंद झाला तर अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलायचा, घरघरला तर बेरिंग, आणि जळालाच तर मोटर ‘बांधायला’ टाकायची. मोटर बांधणं हा कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातला रोजचा धंदा. शेतीपंप, माग, पिठाची गिरणी, पंखा, काहीही असो. जळकी तार काढायची, वेढे मोजायचे, त्याच गेजची नवी तार भरायची, व्हार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायची. वीस-पंचवीस वर्षं एकच पंखा दोनदा बांधून वापरणारी घरं आजही सापडतील.

नव्या, वीज वाचवणाऱ्या पंख्यात मोटर सहसा जळतच नाही. ती इतकी थंड चालते की तिच्या तारेवरचं इनॅमल वर्षानुवर्षं टिकावं. जातो तो तळहाताएवढा बोर्ड. वॉरंटी संपलेली असते, त्या मॉडेलचा बोर्ड मिळेनासा झालेला असतो, आणि चांगलं तांबं, चांगली चुंबकं, चांगलं बेरिंग असलेला पंखा भंगाराच्या काट्यावर किलोनं जातो. बोर्ड काढून टाकल्यावर मोटरमधून तीन वायरी लोंबत राहतात. हा लेख त्या तीन वायरींचा आहे. मूळ बोर्डाशिवाय त्यांच्यात पुन्हा जीव आणता येतो, आणि त्यासाठी मोटरबद्दलचे फक्त चार आकडे माहीत असावे लागतात.

*

हे पंखे आपल्या घरात आले, त्याला फार वर्षं झाली नाहीत. कोइमतूर हे कोल्हापुरासारखंच पंपांचं आणि ओतकामाचं शहर. तिथल्या वर्सा ड्राइव्ह्ज या कंपनीनं २०१२ साली ‘सुपरफॅन’ बाजारात आणला. त्याच वर्षी आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी मुंबईत ॲटमबर्ग सुरू केली आणि २०१५ पासून तिचे पंखे घराघरांत दिसू लागले. पुढं जुन्या मोठ्या कंपन्याही या वाटेला आल्या. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीनं एक कोटी कार्यक्षम पंखे वाटण्याची योजना जाहीर केली.

यामागचं गणित सोपं आहे. साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, नवा ३० च्या. वाचले ४५ वॉट. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस पंखा चालला तर १६२ युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तर एका पंख्यामागं वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास बचत. इन्व्हर्टरवर हाच पंखा दुपटीहून जास्त वेळ टिकतो, हा वेगळा फायदा. म्हणजे वस्तू चांगली आहे, घ्यावी अशीच आहे. म्हणूनच ती बोर्डापायी फेकून द्यायची वेळ आली की जास्त लागतं. पाच वर्षं वाचवलेल्या विजेचे पैसे नव्या पंख्यात गेले, आणि जुना पंखा बनवायला लागलेलं तांबं, ॲल्युमिनियम आणि चुंबक फुकट गेलं, तर बचत कशाची झाली?

*

मोटर का फिरते, हे आधी पाहू. मिक्सर किंवा ड्रिल उघडलं की आत दोन काळ्या कांड्या दिसतात, त्या म्हणजे ब्रश, कारागीर त्यांना ‘कार्बन’ म्हणतात. फिरणाऱ्या कॉम्युटेटरवर त्या घासत राहतात आणि गुंडाळीतल्या विजेची दिशा योग्य क्षणी पालटतात. घासतात म्हणून झिजतात, ठिणग्या उडवतात, उष्णता करतात. हे घासणं काढून टाकून वीज पालटण्याचं काम ट्रान्झिस्टरवर सोपवायचं, ही कल्पना टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९६२ साली एका शोधनिबंधात मांडली. ब्रश नसलेली डीसी मोटर, म्हणजे बीएलडीसी, ती हीच. आधी ती महागड्या यंत्रांत गेली, मग संगणकाच्या डिस्कमध्ये आणि छोट्या पंख्यांत. ट्रान्झिस्टर आणि चिपा स्वस्त झाल्यावर ती छताला लटकली.

छताच्या पंख्यात मधला भाग स्थिर असतो आणि बाहेरचं कवच फिरतं. कवचाच्या आतल्या कडेनं करड्या-काळ्या फेराइट चुंबकांची माळ चिकटवलेली असते. एक चुंबक उत्तर, दुसरं दक्षिण, असं आलटून पालटून. हे चुंबक ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर कपरी उडते. मध्यभागी लोखंडी पत्र्यांचे दात आणि त्यांच्यावर तांब्याच्या तीन स्वतंत्र गुंडाळ्या. तिन्हींची एकेक टोकं आत एकत्र बांधलेली, उरलेली तीन बाहेर. त्या आपल्या तीन वायरी.

जत्रेतला हातानं फिरवायचा चक्रीपाळणा आठवावा. त्याच्याभोवती तीन माणसं उभी आहेत. ज्याच्यासमोर बैठक येईल त्यानं ढकलायचं, पुढच्याला सोपवायचं. क्रम सांभाळला तर पाळणा हलक्या हातानं पळतो. एकानं वेळेआधी ढकललं तर पाळणा अडखळतो, हिसका बसतो, आणि ढकलणाऱ्याचाच खांदा दुखावतो. मोटरमध्ये ढकलणाऱ्या तिघी म्हणजे तीन गुंडाळ्या, आणि आता कुणाची पाळी हे पुकारणारा म्हणजे बोर्ड.

पुकारायचं कसं? प्रत्येक वायरीसाठी दोन मॉस्फेट, असे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच. एक वायर प्लसला, दुसरी मायनसला, तिसरी मोकळी. मग पुढची जोडी, मग त्यापुढची. अशा सहा पायऱ्यांत विजेचं एक आवर्तन पूर्ण होतं. चुंबकांच्या सात जोड्या असल्या तर पात्याच्या एका फेरीत सात आवर्तनं, म्हणजे ४२ पायऱ्या. पंखा मिनिटाला ३५० फेऱ्या मारत असेल तर बोर्डाला सेकंदाला २४५ वेळा पाळी बदलावी लागते. काही बोर्ड या पायऱ्यांऐवजी तिन्ही वायरींना सावकाश चढणारी-उतरणारी लाट देतात, म्हणून ते पंखे रात्रीच्या शांततेतही गुणगुणत नाहीत.

चुंबक नेमकं कुठं आहे हे कळल्याशिवाय पाळी पुकारता येत नाही. ते कळायला दोन वाटा आहेत. पहिली हॉल सेन्सरची. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारी ही पिटुकली चकती समोर उत्तर ध्रुव आहे की दक्षिण, हे सांगते. दुसऱ्या वाटेत सेन्सरच लागत नाही. फिरणारं चुंबक गुंडाळीत स्वतःची वीज तयार करतं. मोकळ्या सोडलेल्या तिसऱ्या वायरीवर ती वीज वाचली की जागा कळते. छताच्या पंख्यात बहुधा ही दुसरी पद्धत असते, म्हणून मोटरमधून तीनच वायरी येतात. सेन्सरवाली मोटर असेल तर जोडीला पाच बारीक वायरी असतात.

मग सरळ घरातली लाईट का देऊ नये, असं कुणालाही वाटेल. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. चौदा चुंबकांच्या मोटरला त्या तालावर चालायचं तर मिनिटाला ४२८ फेऱ्यांचा वेग लागेल, आणि तोही पहिल्या क्षणापासून. उभी राहिलेली जड पाती हा वेग एकदम पकडू शकत नाहीत. पंखा जागच्या जागी थरथरतो, घुंऽऽ असा आवाज करतो. मोटर २४ व्होल्टची असेल तर २३० व्होल्टखाली तिची गुंडाळी क्षणात काळी पडते. इतकी वर्षं शाबूत राहिलेली मोटर अशी एका चुकीनं जाते.

*

आता ते चार आकडे. ते शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. मल्टिमीटर, बारा व्होल्टची बॅटरी, गाडीचा एक बल्ब आणि सहा डायोड पुरतात.

त्याआधी मोटर खरंच शाबूत आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. तिन्ही वायरी एकमेकींपासून लांब ठेवून पाती हातानं फिरवायची. ती कितीतरी वेळ फिरत राहतात. मग तिन्ही वायरींची उघडी टोकं एकमेकींना पिळून जोडायची आणि पुन्हा फिरवायची. आता पाती जड लागतात, काकवीत फिरवल्यासारखी, आणि लगेच थांबतात. फिरणाऱ्या चुंबकानं केलेली वीज गुंडाळीतच वळून चुंबकाला अडवते, म्हणून हे होतं. वायरी सुट्या असताना पंखा मोकळा आणि जोडल्यावर सगळीकडं सारखाच जड लागला, तर चुंबकं आणि गुंडाळ्या ठीक आहेत. सुट्या वायरींवरही जड लागला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. ज्यानं हे एकदा हातानं अनुभवलं, त्याला मोटर आणि जनरेटर ही एकाच यंत्राची दोन नावं आहेत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिला आकडा रोधाचा. मीटर ओहमवर ठेवून दोन-दोन वायरींमध्ये मोजायचं. तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा यायला हवा. कमी व्होल्टच्या मोटरमध्ये तार जाड आणि वेढे कमी, म्हणून रोध काही ओहम. जास्त व्होल्टच्या मोटरमध्ये तार बारीक आणि वेढे भरपूर, म्हणून रोध त्याच्या कितीतरी पट. मोटर बांधणाऱ्या कारागिराला तारेच्या जाडीवरूनच हे कळतं.

दुसरा आकडा चुंबकांच्या जोड्यांचा. बॅटरीतून गाडीच्या बल्बमार्गे कोणत्याही दोन वायरींना डीसी द्यायचा. बल्ब करंटला आवर घालतो. जुने मिस्त्री सिरीजमध्ये बल्ब लावतात त्यातलीच ही युक्ती. पंखा एका जागी येऊन थांबतो. हातानं हळू ढकलला की टक्कन पुढच्या जागी जाऊन बसतो. एका पात्यावर खडूची खूण करून पूर्ण फेरीत असे किती थांबे आले ते मोजायचे. सात आले तर सात जोड्या, म्हणजे चौदा चुंबकं.

तिसरा आकडा म्हणजे किती वेगाला मोटर किती व्होल्ट तयार करते. इथं एक खुबी आहे. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पंखा फिरवला तर सात जोड्यांच्या मोटरमधून सेकंदाला सातच आवर्तनं येतात, आणि साधे मल्टिमीटर पन्नास आवर्तनांसाठी बनवलेले असल्यामुळं एसीवर चुकीचा आकडा दाखवतात. म्हणून तिन्ही वायरींना सहा डायोडचा ब्रिज आणि एक छोटा कॅपॅसिटर लावून डीसी मोजावा, आणि दोन डायोड मिळून जो सव्वा-दीड व्होल्ट खातात तो त्यात मिळवावा. समजा आले ३ व्होल्ट. वेग सहापट झाला की व्होल्टही सहापट होतात. ३६० फेऱ्यांना १८ व्होल्ट.

यावरून चौथा आकडा निघतो : बोर्ड या मोटरला किती व्होल्ट देत होता. मोटरला ढकलायचं तर तिच्या स्वतःच्या व्होल्टपेक्षा थोडा जास्त दाब लागतो. १८ तयार करणारी मोटर २४ व्होल्टच्या घरातली असणार. ६० फेऱ्यांनाच ४० व्होल्ट दिसले तर पूर्ण वेगाला ते २४० होतील, म्हणजे ही मोटर घरची लाईट डीसी करून मिळणाऱ्या सव्वातीनशे व्होल्टवर थेट चालणारी आहे. भारतीय बाजारात दोन्ही जातीचे पंखे आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. जुन्या बोर्डाकडूनही पुरावा मिळतो. मॉस्फेटच्या शेजारच्या कॅपॅसिटरवर ३५ किंवा ५० व्होल्ट छापलंय की ४५० व्होल्ट, हे वाचून मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहावं.

*

चार आकडे हाताशी आले की मोटरला नवा पुकारणारा शोधायचा. बाजारात आता ‘युनिव्हर्सल’ नावाची पंख्याची किट मिळतात, रिमोटसकट. व्होल्ट आणि जोड्या जुळल्या तर ती चालतात. न जुळल्या तर पंखा सुरू होतो पण वेग धरत नाही, किंवा दोन डचके देऊन थांबतो. ‘हे किट बेकार आहे’ असा शेरा मारून ते परत करण्याआधी किट कोणत्या व्होल्टसाठी आहे आणि आपली मोटर किती व्होल्टची, हे ताडून पाहिलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

कमी व्होल्टच्या मोटरला जास्त वाटा आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही१०९८३ ही चिप याच कामासाठी बनलेली आहे : १२ ते २४ व्होल्ट, सेन्सर नाही, आवाज कमी. २४ व्होल्टचा तयार पॉवर सप्लाय, ही चिप असलेला छोटा मॉड्यूल आणि तीन वायरी. सोलरच्या बॅटरीवरही असा पंखा थेट चालतो, मधे इन्व्हर्टर लागत नाही. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटानं घरासाठी ४८ व्होल्ट डीसीची वायरिंग मांडली, तीही याच विचारातून. पंख्याला, दिव्याला, मोबाइलला शेवटी डीसीच लागतो. सोलरचा डीसी आधी एसी करा आणि प्रत्येक वस्तूत पुन्हा डीसी करा, हा वळसा कशाला?

ड्रोनचे कंट्रोलर स्वस्त आणि सहज मिळणारे, म्हणून बरेच विद्यार्थी आधी तेच लावून बघतात, आणि बरेचदा निराश होतात. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ड्रोनचं पातं हलकं, मिनिटाला हजारो फेऱ्यांचं; ते क्षणात सुटतं. छताचा पंखा जड आणि संथ. सेन्सर नसलेल्या कंट्रोलरला सुरुवातीला काहीच दिसत नसतं, कारण थांबलेली मोटर वीज तयार करत नाही. म्हणून तो आधी चुंबक एका जागी ओढून बसवतो, मग आंधळेपणानं हळूहळू पायऱ्या पुढं सरकवतो, आणि मोटरनं पुरेशी वीज दाखवली की तिच्या तालावर चालायला लागतो. ड्रोनचा कंट्रोलर हा आंधळा टप्पा भराभर उरकतो. पंख्याची पाती तोवर जेमतेम हललेली असतात. ताल चुकतो, डचके बसतात, कंट्रोलर हार मानतो. उपाय एकच : सुरुवात सावकाश करणं. ती मुभा ज्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आहे तोच इथं कामाचा.

अशी मुभा देणारे, ज्यांचा सगळा प्रोग्रॅम वाचायला खुला आहे असे कंट्रोलरही आज आहेत. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी बनवलेला व्हीईएससी त्यातला एक. त्याला मोटर जोडली की तो तिचा रोध, इंडक्टन्स आणि चुंबकाची ताकद स्वतः मोजतो. एका पंख्यासाठी तो महाग पडतो, पण शिकण्यासाठी त्याच्यासारखा गुरू नाही. अर्डुइनोवर चालणारी सिंपलएफओसी ही मोफत लायब्ररीही आहे. ज्याला स्वतः सहा मॉस्फेट जोडून पाहायचे आहेत त्यानं एक पथ्य पाळावं. एकाच वायरीचे वरचा आणि खालचा असे दोन मॉस्फेट निमिषभरही एकदम चालू होता कामा नयेत. झाले तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो आणि फट् आवाजानं दोन्ही जातात. प्रोग्रॅममध्ये एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी छोटासा विसावा ठेवतात, तो यासाठी.

पंखा उलटा फिरून हवा छताकडं फेकायला लागला तर घाबरायचं कारण नाही. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा सुधारते. हॉल सेन्सरवाल्या मोटरला कंट्रोलर बदलताना मात्र दमानं घ्यावं लागतं. तीन पॉवरच्या आणि तीन सेन्सरच्या वायरींच्या ३६ जुळण्या होतात आणि त्यातल्या थोड्याच बरोबर असतात. इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर बदलणाऱ्या मेकॅनिकना ही डोकेदुखी ओळखीची आहे.

सव्वातीनशे व्होल्टच्या मोटरबाबत सावधगिरीची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिच्या बोर्डात घरची लाईट आणि मोटरच्या वायरी यांच्यामध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरचा आडोसाच नसतो. बटण बंद केल्यावरही मोठा कॅपॅसिटर काही काळ भरलेला राहतो. तो मीटरनं तपासल्याशिवाय आत बोट घालू नये. अशा बोर्डाला लॅपटॉप किंवा ऑसिलोस्कोप जोडणं म्हणजे फेज आपल्या मांडीवर घेणं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि अनुभवी माणूस या दोन गोष्टी शेजारी नसतील तर ही मोटर उघडू नये.

*

कोल्हापूरला हे काम नवीन वाटू नये. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, सिनेमे दाखवले, दादासाहेब फाळक्यांची चित्रं बारकाईनं पाहिली आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं ठरवलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट त्यातून आला. परदेशातल्या कारखान्यानं नकाशा दिला नाही म्हणून त्यांचं काम अडलं नाही. यंत्र काय करतं हे त्यांनी डोळ्यांनी आणि हातांनी शोधून काढलं.

शिवाजी उद्यमनगरात हीच रीत पोटापाण्याची झाली. ऑइल इंजिनाचा सुटा भाग मिळत नसेल तर जुना भाग नमुना म्हणून घ्यायचा, लाकडाचा पॅटर्न करायचा, ओतायचा, लेथवर आणायचा. भागाचं माप भागातच असतं. कॅलिपर लावला की ते बोलतं.

बोर्डाचं तसं नाही. बोर्डावरचे रोध आणि कॅपॅसिटर दिसतात, पण पाळी कशी पुकारायची हे त्या काळ्या चिपच्या आत लिहिलेलं असतं आणि तिथं कुलूप असतं. बोर्डाची हुबेहूब नक्कल केली तरी चिप कोरी असेल तर पंखा हलत नाही. वर काही बोर्डांवर ओल लागू नये म्हणून रेझिन ओतलेलं असतं, त्यामुळं दोन रुपयांचा भाग बदलायचा म्हटलं तरी आत पोचता येत नाही. कॅलिपर इथं मुका होतो.

तरीही वाट आहे, आणि ती कोल्हापूरच्याच औद्योगिक वसाहतींत रोज चालली जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांतल्या सीएनसी यंत्रांत सर्वो मोटरी असतात. चुंबकांची माळ आणि तीन गुंडाळ्या, म्हणजे आपल्या पंख्याचीच सख्खी थोरली बहीण. जुन्या यंत्राचा कंट्रोल गेला आणि बनवणाऱ्यानं तो बंद केलेला असला, तर ओतीव लोखंडाचं ठणठणीत यंत्र कुणी मोडीत घालत नाही. रेट्रोफिट करतात : नवा कंट्रोल, नवा ड्राइव्ह, आणि जमलं तर मोटर जुनीच. तिथं ते सुकर होतं याचं कारण मोटरच्या पाठीवर पत्रा असतो. व्होल्ट, अँपिअर, फेऱ्या, टॉर्क, सगळं त्यावर कोरलेलं. शेतातल्या पाच एचपीच्या पंपालाही असा पत्रा असतो आणि बांधणारा आधी तोच वाचतो. छताच्या बीएलडीसी पंख्यावर वॉट असतात, हवेचं माप असतं, स्टार असतात. बोर्ड गेल्यावर उपयोगी पडतील ते चार आकडे मात्र नसतात.

ते का नसावेत? त्यात कुठलं व्यापारी गुपित नाही. वर सांगितल्याप्रमाणं कुणीही अर्ध्या तासात ते मोजून काढू शकतो. ते कवचाच्या आत छापायला खर्चही नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहे, याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडं पंख्यावर विजेचे स्टार सक्तीचे करता आले, तर मोटरचे चार आकडेही सक्तीचे करता येतील. कोल्हापुरातल्या ग्राहक संघटना, इंजिनिअरिंग असोसिएशन आणि वायरमन मंडळी यांनी मिळून ही मागणी लावून धरावी, इतकी ती नेमकी आणि रास्त आहे.

दुसरी निकड शिकण्याची. पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली मुलं तिथं हातानं काम करत शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं २००२ मध्ये तिथं फॅब लॅब आली आणि मायक्रोकंट्रोलरही त्याच मराठी वातावरणात आला. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात असा एक बीएलडीसी पंखा टेबलावर उघडा मांडून ठेवला, आणि प्रत्येक मुलानं थांबे मोजले, तीन वायरी पिळून जड झालेलं पातं फिरवून पाहिलं, तर बाहेर पडल्यावर त्याच्यासमोर आलेला पंखा तो न उघडता ‘नवा घ्या’ म्हणणार नाही. मोटर बांधणाऱ्यांच्या हाताला वेढ्यांचं गणित आधीच येतं. त्यांना शिकायचं आहे ते एवढंच की आता जळकी तार काढण्याऐवजी पुकारणारा बदलायचा आहे.

दुरुस्त झालेला पंखा परत टांगायच्या आधी दोन गोष्टी मात्र राहिलेल्या असतात. प्लगमध्ये बसणारं वॉटमीटर लावून पूर्ण वेगाला तो किती वीज खातो ते पाहायचं. ३५ च्या आत असेल तर काम नीट झालं, ६० दिसले तर पाळी चुकतेय आणि बोर्डाची सेटिंग पुन्हा बघायला हवी. मग तासभर चालवून मॉस्फेटची पट्टी किती तापली ते मीटरच्या तापमान प्रोबनं बघायचं. ते झालं की झाकण लावण्याआधी खिशातलं मार्कर काढायचं आणि आतल्या बाजूला, धूळ पुसून, लिहायचं : २४ व्होल्ट. सात जोड्या. रोध इतका. साठ फेऱ्यांना तीन व्होल्ट. खाली तारीख. पुढच्या वळवात पुन्हा कधी बोर्ड गेला, तर स्टुलावर चढलेल्या माणसाला वाटी उतरवताच ते अक्षर दिसेल.